दहा फुटी आबा

चिंतामणरावांनी आदिनाथला फोन करायचा कंटाळा केला आणि तिथेच सगळं फसलं. आदिनाथ म्हणजे त्यांचा मेहुणा. सासऱ्यांचा, भिमाजीआबांचा, चांगला फोटो त्याच्याकडे होता. पण त्याच्याकडे काही मागितलं की सोबत अर्धा तास सल्ला ऐकावा लागे आणि लोणावळ्याच्या ऑफिसात दिवसभर साहेबाचं ऐकून रावांच्या कानांत जागा उरलेली नसे.

टाकव्यात आबांची पंचाहत्तरी होती. चौकातल्या फ्लेक्सचं काम जावयाने स्वतःहून मागून घेतलं होतं. (सासुरवाडीत पंधरा वर्षांत एक काम त्यांच्या हातून धड झालं नव्हतं. एवढं तरी निभावून अब्रू राखायची होती.) त्यांनी फॅमिली ग्रुपवर फिरून फिरून आलेला लग्नातला फोटो घेतला, मागच्या रांगेतलं आबांचं तोंड तेवढं कापलं आणि फ्लेक्सवाल्या अमृतला पाठवलं.

"साहेब, फोटो फाटतोय," अमृत म्हणाला.

"छे! मोबाईलवर तर झकास दिसतोय."

"मोबाईल वीतभर, फ्लेक्स दहा फुटी. लिंबाएवढ्या कणकेची परातीएवढी पोळी लाटली तर भोकं पडणारच. मूळ फोटो आणा."

रावांनी तोच फोटो दोन बोटांनी ताणला, स्क्रीनशॉट काढला आणि पाठवला. (मोठा मागितला, मोठा दिला.)

"अहो, कणीक तेवढीच आहे!"

"छाप रे बाबा," राव म्हणाले. त्यांच्यात आता वाद घालायचंही त्राण नव्हतं.

वाढदिवशी चौकात फ्लेक्स चढला. आबांच्या जागी नुसते तपकिरी चौकोन. मिशी कुठली, भुवई कुठली, पत्ता लागेना.

"ह्ये कोण म्हनायचं?" सासूबाईंनी विचारलं. बायको, इंदिरा, फ्लेक्सकडे पाठ करून उभी राहिली. रावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आबा, जरा लांबून बघा ना!"

आबा बिचारे मागे सरकले, राव त्यांच्यासोबत. शाळेचं कुंपण गेलं, पिठाची गिरणी गेली. दूध डेअरीपाशी ते थांबले आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "व्हय की! हितनं मीच दिसतोय."

रावांचा जीव भांड्यात पडला. "काम जरा घाईत झालं, आबा."

"आसूं द्या, पाव्हणं," आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "इंदीसाठी बघितलं तवा तुमीबी लांबनंच झ्याक दिसला व्हता."