पहिला घोट

"घोट घ्यायचा, गिळायचा आणि छान म्हणायचं. बास!" व्याह्यांच्या दारातली बेल दाबता दाबता बायकोने चवतज्ज्ञाला शेवटचं बजावलं. आज लेकीचं लग्न ठरायचं होतं, आणि मुलाकडची मंडळी रीतभातीला फार जपतात अशी ख्याती होती.

चवतज्ज्ञाची अडचण एवढीच, की कॉफीच्या कारखान्यात त्याला भुरकून, घोळवून थुंकण्याचाच पगार मिळत असे. कॉफी गिळतात, हे तो केव्हाच विसरला होता.

होणाऱ्या व्याह्यांनी नेमकी दोन जातींच्या कॉफीची हौस केली. "ही अरेबिका, ही रोबस्टा. आता तुम्हीच सांगा!"

सांगा म्हटल्यावर जीभ कोण आवरणार? असं काही 'फुर्र्र्र' झालं, की कोपऱ्यात पेंगणारी मुलाची आजी दचकून जागी झाली. घोट तोंडात घोळत असतानाच व्याह्यांनी मुद्द्याला हात घातला.

"पुढच्याच महिन्यात उरकू या?"

भरल्या तोंडाने मान डोलवण्यापलीकडे इलाज नव्हता.

"आमचा सगळा गोतावळा तुमच्याकडेच उतरला तर?"

मान डोलली.

"कुत्र्यासकट?"

मान अडखळली, पण डोलली.

"अहो, गिळा!" बायको दातओठ खात पुटपुटली.

ते काही जमेना. त्याने खिडकीतली कुंडी गाठली, पिचकारी मारली आणि गंभीरपणे निकाल दिला, "अरेबिका नाजूक. फुलांचा वास, मागून लिंबाच्या सालीचा आंबटपणा." पुन्हा फुर्र्र्र, पुन्हा कुंडी. "रोबस्टा कडू, राकट. शेवटी ओलं लाकूड."

सोबत आलेल्या लेकीने डोळे मिटून घेतले. बायको मात्र डगमगली नाही. "आमच्याकडे पद्धतच आहे. नवं नातं जुळताना पहिला घोट झाडाला!"

"मग आधी नाही का सांगायचं, विहीणबाई?" व्याही ओशाळले. "आम्ही आपले घटाघट गिळून बसलो! काय म्हणाल आम्हाला? अगं, आणखी कुंड्या आण!"

बघता बघता सगळं घर कुंड्यांसमोर उभं राहिलं. "जीभ खाली, हवा आत!" चवतज्ज्ञ शिकवू लागला. मुलाच्या आईला फुलं लागली, व्याह्यांना लाकूड. मुलाला, सासरे बघताहेत म्हणून, सगळंच लागलं.

शेवटी आजींनी दोन्ही पेले भुरकले, नेम धरून पिचकाऱ्या मारल्या आणि पाहुण्यांना एकेक करून न्याहाळलं.

"मुलगी अरेबिका," आजी म्हणाल्या. "आईसुद्धा. बाप मात्र रोबस्टा. दूध-साखर घातली, तर खपून जाईल."