अकरा ओळींचा दुखवटा

आनंद लिमयांनी सकाळी नऊला संकुलाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश टाकला. दहापर्यंत त्याखाली अठरा अभिनंदनं जमली.

संदेश दुखवट्याचा होता.

निवृत्तीनंतर लिमये रोज पाच अवघड इंग्रजी शब्द वहीत उतरवून पाठ करत. वापरले नाहीत तर विसरतात, म्हणून मिळेल तिथे वापरत. मागच्या सोमवारी समोरच्या काळुराम म्हात्रेची बायको सगुणा गेली. डोंबिवलीतलं त्यांचं संकुल सात इमारतींचं, पलीकडच्यांना पत्ताही नव्हता. लिमयांनी अकरा ओळी लिहिल्या. 'बिरीव्हमेंट', 'लॅक्रिमोज', 'इन्कन्सोलेबल'. बायकोलासुद्धा 'कॉन्सॉर्ट' म्हटलं. वाचणाऱ्याला ओळखीचं असं त्यात काळुरामचं नावच काय ते होतं.

सी विंगमधल्या देवेशने लिहिलं, 'काँग्रॅट्स काका'. मग कुणी मागे राहिलं नाही. केक आले, फुगे आले.

"अहो, तो मेसेज उडवा आधी," लिमयांची बायको सुमती म्हणाली.

"माझा उडेल. लोकांचे केक कसे उडवू?"

त्यांनी देवेशला फोन लावला.

"सॉरी काका. मला वाटलं, काळुरामकाकांचा जमिनीचा काहीतरी व्यवहार झाला. एवढं लांब कोण वाचतं?"

लिमयांनी चपला घातल्या. वागळे इस्टेटमधल्या एकाच कारखान्यात त्यांनी आणि काळुरामने तीस वर्षं शेजारी बसून डबा खाल्लेला. काळुरामने फोन बघायच्या आत पोचायला हवं होतं.

दार उघडंच होतं. काळुराम चष्मा लावून फोन बघत बसला होता.

"आनंदा, हे केक कनाला रे?"

लिमये शेजारी बसले. "चूक माझी आहे. मी दुखवटा लिहिलेला. कुणाला समजला नाही."

काळुरामने चष्मा काढून ठेवला.

"मनापन नाय समजला," तो म्हणाला. "मी अंगठा दिला."

"वहिनी गेल्या, तू एकटा पडलास, मला ते बघवत नाही. एवढंच लिहिलेलं."

"त्याला अकरा ओली?"

फोन वाजला. 'काका, पार्टी कधी?' लिमयांनी फोन घ्यायला हात पुढे केला. काळुरामने फोन मागे घेतला.

"त्यांना कायपन सांगू नको. शरमतील बिचारी. लिव, शनवारी दुपारी, सगल्यांनी जेवाया या."

"अरे, शनिवारी तेरावं आहे."

"जेवन त हाय ना? ती कोनाला उपाशी धाडायची नाय."