खंडेराव लेले यांची नोंद

चिंतामणी लेले अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, ते कागदापुरते. अर्जाशिवाय जगात काही घडू शकते, हे त्यांना अजूनही पटत नसे. म्हणून पशुवैद्यांनी त्यांच्या खंड्या कुत्र्यासाठी दोन उपाय सांगितले, तेव्हा त्यांनी अर्जाचा तेवढा उचलला.

"डास चावला की जंत रक्तात शिरतात आणि हृदयात सुतासारखे लांब वाढतात," डॉक्टर म्हणाले होते. "मग कुत्रा धापा टाकत जातो. याचं रक्त आज साफ आहे, तोवर हत्तीरोगाची गोळी रोज चालू करा. आणि मागीलदारचं पिंप झाका."

"माळ्यावरची फळी काढून द्या हो, मी झाकते," लेल्यांच्या पत्नी कुसुमताई म्हणाल्या.

"आधी गोळीचं मार्गी लागू दे."

गोळी बाजारात नव्हती; हत्तीरोगाच्या कचेरीत बरण्या भरून होती. तिथे लेल्यांच्याच हाताखाली घडलेला काशीराम बसत असे.

"साहेब, रकाना माणसांचा. कुत्र्याला रकाना नाय."

"मग माझ्या नावावर दे."

"मोठ्या माणसाची गोळी त्याला झेपायची नाय. घरात लहान मूल आहे?"

खंड्याचे वजन पंधरा किलो. काशीरामने सुवाच्य अक्षरात लिहिले : खंडेराव चिंतामणी लेले, वय वर्षे चार. गुळात घातलेली गोळी खाऊन खंडेराव पावसाळाभर ठणठणीत राहिले.

मार्चमध्ये नर्स उल्काबाई वही घेऊन आल्या. "काका, मुंबईला दोन मुलगे, देवरूखला दिलेली मुलगी, आणि वर हा चौथा?"

"मेलं काहीतरीच! मी छप्पन्नची आहे गो," कुसुमताई म्हणाल्या.

"वहीत तुम्हाला चार वर्षांचा मुलगा आहे, काकू. आणि आमचं नसबंदीचं टार्गेट एका शस्त्रक्रियेने अडलंय."

खंड्या शेपूट हलवत आला. उल्काबाईंनी त्याला कुरवाळले. "वडिलांवर गेलाय. नोंद खोडली तर गोळ्या बंद. ठेवली, तर काका, शिबिर गुरुवारी आहे."

लेल्यांनी खंड्याकडे पाहिले. तीस वर्षांत त्यांनी नोंदलेले नाव खोडले नव्हते. त्यांनी सही केली.

गुरुवारी ते रिक्षातून जपून उतरले. एका हातात प्रमाणपत्र, दुसऱ्यात बक्षिसाची प्लास्टिकची बादली. प्रमाणपत्र भिंतीवर गेले, बादली पाणी भरून पिंपाशेजारी. आठवड्यात पिंपात आणि बादलीत अळ्या वळवळू लागल्या.

"आता तरी फळी काढाल?"

"मला चढायची मनाई आहे. दाखला दाखवू?"

तेवढ्यात काशीरामचा निरोप आला : गोळ्या संपल्या, नवा साठा दिवाळीनंतर.

खंड्याच्या नाकावर एक डास निवांत बसला. लेले नव्या अर्जाला बसले.

तुम्ही हसताय, हसा. पण तुमच्या मागीलदारचे पिंप झाकायला कोणाच्या मंजुरीची वाट पाहताय?