खडीवरची टिटवी

पावसाच्या बाबतीत माणूस चुकतो, पंचांग चुकतं, मोबाइलमधलं ढगाचं चित्र तर रोजच चुकतं. टिटवी मात्र कधी चुकत नाही. राहू गावच्या भिमाजी आबांचं हे मत अनुभवातून आलेलं होतं. मागच्या वर्षी टिटवीच्या भरवशावर त्यांनी पावसाआधीच धूळपेरणी करून बाजरी टाकली आणि ती उगवलीच नाही. पण त्यात दोष बियाण्याचा होता, हे आबांनी नंतर स्वतःच सिद्ध केलं.

शास्त्र साधं आहे. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्यावर चार खडे इकडेतिकडे करून खळग्यात अंडी घालते. ती उंचावर घातली तर पाऊस दांडगा, सखल जागी घातली तर दुष्काळ. यंदा तिने आबांच्याच दारात, स्लॅबसाठी आणून टाकलेल्या खडीच्या ढिगावर चार अंडी घातली. मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी खडीत अशी मिसळून गेली होती, की घमेलं भरायला गेलेल्या मजुराच्या डोक्यावर टिटवीने झेप घेतली नसती तर यंदाचा अंदाज सिमेंटमध्येच गेला असता.

आबा धावत आले. ढिगाला खेटून उभे राहिले आणि छातीशी आडवा हात धरला.

"छातीइतकी! आरं, छातीइतकी म्हंजी भीमामाई पात्र सोडणार यंदा. पिल्लं निघंस्तवर खडीला कुणी हात लावायचा न्हाई."

सून सुलक्षणा पत्र्याच्या शेडमधून हे ऐकत होती. जुनं स्वयंपाकघर पाडल्यापासून तिचा संसार त्या शेडमध्ये होता. दौंड तालुक्यातलं ऊन, वर पत्रा आणि खाली चूल. तव्यावरची भाकरी आणि तव्यापुढची सून बरोबरच भाजत होत्या. नव्या स्वयंपाकघराच्या भिंती उभ्या होत्या. राहिला होता तो स्लॅब.

"मामंजी, पाऊस दांडगा म्हणताय न्हवं?"

"व्हय."

"मग त्याच्या आधी स्लॅब पडाया नगं?"

"पडाया पायजेच की."

"मग खडी?"

"खडीला हात लावायचा न्हाई."

आबांच्या बोलण्यात कुठे चूक नव्हती. फक्त त्यातून बाहेर पडायला वाट नव्हती.

ठेकेदार कोंडिबाने डोक्यावरचा रुमाल काढून घाम पुसला. "वैनी, खडीच्या गाड्या संपावर हायत, दुसरी मिळायची न्हाई. आन् ह्या सेंटरिंगच्या फळ्या मला खुटबावच्या कामाला पायजेत. आठवडाभर थांबतो. मग खोलून नेणार. पावसाळ्यात मग माझ्या नावानं बोटं मोडू नका."

सुलक्षणाने नवऱ्याकडे पाहिलं. सत्यजीत रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला निघाला होता.

"आबांच्या आन् टिटवीच्या मधी मी पडत न्हाई," तो गाडीला किक मारत म्हणाला. "दोघंबी डोक्यावर झेप घेत्यात."

आबा रोज सकाळी पारावर जाऊन अंदाज सांगू लागले. छातीइतका पाऊस येणार म्हटल्यावर आळीतल्या खंडूने नदीकाठची पाण्याची मोटर बैलगाडीत घालून वर आणली. कुणी कांद्याच्या चाळीखाली विटांचा आणखी एक थर दिला. विरोधात एकटा हौसराव होता.

"टिटवीला काय पावसाचं ठावं? तिला खडे पायजे व्हते, खड्यावर बसली. त्यो ढीग तिला माळच वाटला आसंल."

हे म्हणणं बरोबर असावं. पण हौसराव सोसायटीच्या निवडणुकीत पडलेला होता, त्यामुळे ते कुणी मनावर घेतलं नाही.

इकडे आबा पाराकडे गेले की सुलक्षणा कामाला लागायची. खुडूक कोंबडीची पाटी एकदम हलवली तर कोंबडी अंड्यांवरून उठते. रोज हातभर सरकवली तर तिला पत्ता लागत नाही, हे तिला माहेरापासून ठाऊक होतं. टिटवीला पाटी नव्हती, इतकाच फरक. ढिगाच्या उतारावर हातभर खाली ती नवा खळगा करायची, अंडी अलगद त्यात ठेवायची आणि पदर डोक्यावर घट्ट धरून पळायची. टिटवी "टिटीव, टिटीव" करून सगळी आळी उठवायची, दोन घिरट्या घालायची आणि नव्या खळग्यात बसायची. मग कोंडिबाची माणसं वरची खडी घमेल्याने घराच्या मागे नेऊन टाकायची. मागे दुसरा ढीग वाढत होता. त्यावर टिटवी नसल्यामुळे तो गावात कुणाला दिसला नाही.

सासू सोजराबाई ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या असत.

"आत्याबाई, मामंजींना सांगाल का ओ?"

"काय सांगू? मी काय बघितलंच न्हाई," सोजराबाई म्हणाल्या, आणि शेंगांचं सूप उचलून भिंतीकडे तोंड करून बसल्या.

अंडी आबांच्या कमरेला आली. टिटवीला अंडी उचलून नेताना आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि ढीगही उतरत होता, पण सगळ्यांची नजर अंड्यांवर होती; शंका कुणाला आली नाही. "खाली आणली तिनं," आबा पारावर म्हणाले. "पाऊस बरा हाय. पूर न्हाई." खंडूने मोटर पुन्हा नदीवर नेली. अंडी गुडघ्याला आली तेव्हा पाऊस बेताचा झाला.

"आबा, हे हवामान खात्यावानीच झालं की," हौसराव म्हणाला. "सकाळी येक, सांजच्याला दुसरं."

"खातं अंदाज बदलतं," आबा शांतपणे म्हणाले. "टिटवी सुधारणा करती."

शेवटी ढीग संपला. अंडी भुईला टेकली आणि आबांनी उंबऱ्यावर बसून कपाळाला हात लावला.

"दुष्काळ."

सुलक्षणाला हायसं वाटलं. "मग मामंजी, उद्या स्लॅब टाकूया?"

"पाऊसच न्हाई तर घाई कशाला? आन् दुष्काळात स्लॅबवर मारायला पाणी कुठनं आणणार? दिवाळी झाल्यावर बघू. कोंडिबाला म्हणावं, सेंटरिंग ने."

सुलक्षणा तडक वळली. शेडमध्ये गेली आणि माहेरी केंदूरला भावाला फोन लावला.

तासाभरात भावाचा आबांना फोन आला. "आबा, आमच्यात टिटवीनं पाण्याच्या टाकीवर घातल्यात. गावात दोन तट पडल्यात. तुमच्याबिगर निकाल लागायचा न्हाई."

"टाकीवर?" आबा उठून उभे राहिले. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, फेटा बांधला. सत्यजीतने त्यांना गाडीवर बसवलं आणि भीमा ओलांडून केंदूरला पोचवलं. तिथे टाकी होती. टिटवी नव्हती. मटण मात्र होतं. टिटवी चरायला गेली असावी, अशी व्याह्यांनी समजूत घातली आणि आबांना मुक्कामाला ठेवून घेतलं.

त्या दिवशी राहूत मिक्सर फिरला. सुलक्षणाने कंबर कसून घमेली दिली.

दुसऱ्या दिवशी आबा परत आले तेव्हा दारात अर्धा गाव उभा होता. स्लॅब पडला होता, त्यावर मातीची आळी करून पाणी भरलं होतं. सुलक्षणा दाराशी उभी होती. तिच्या कोपरापर्यंत वाळलेलं सिमेंट होतं. सोजराबाईंनी सूप भिंतीकडे वळवलं.

"आबा, आता येकदाच काय ते सांगा," खंडू पुढे झाला. बैलही त्याच्याबरोबर होते. "मोटर वर ठेवू का खाली?"

हौसराव हाताची घडी घालून हसत होता. आबांनी स्लॅबकडे पाहिलं, मोकळ्या अंगणाकडे पाहिलं, सुनेच्या हातांकडे पाहिलं. सुनेने अंडी हलवली म्हणावं तर पारावर आठवडाभर सुनेचाच अंदाज सांगितला, असं ठरत होतं. आबांनी फेटा काढून मांडीवर घेतला.

"टिटवी आधी छातीला व्हती. मग कमरंला, मग गुडघ्याला, मग भुईला. म्हंजी पाऊस आधी दांडगा, मग बरा, मग बेताचा, आन् शेवटाला उघडीप. आरं, आख्खा पावसाळा सांगून गेली ती! तुमाला येक येक दिवसाचं कळतंय, त्याला मी काय करू?"

हौसरावने घडी सोडली.

"मग मोटर?" खंडूने विचारलं.

"आधी वर. मग हळूहळू खाली."

खंडूने बैलांकडे पाहिलं. मग सगळे दर्शन घ्यावं तसे अंड्यांच्या जागेकडे वळले. खळगा रिकामा होता. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की अंग वाळताच चालायला लागतात. गाव मोटरीचं बोलत असताना ती आईमागून शेजारच्या उसात गेली होती.

मंडळी पांगली. आबांनी चप्पल काढली आणि वर बघत सुनेला म्हणाले, "कडंच्या आळ्यात पाणी कमी दिसतंय."

"भरते, मामंजी."

त्या वर्षी राहूत पाऊस सरासरीइतका झाला.