कासियानोसाहेबांनी भविष्यकाळ पाठीवर घेतला त्याची हकिकत

सकळगुणालंकृत वाचणारे यांचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे. चिहिपाम्पा गावी, सरोवराचे काठी, स्पॅनिश क्रियापदाचे भविष्यकाळावर जी मोहीम जाहली, तिची हकिकत यथास्थित लिहितो. लिहिणार व मोहिमेचा सरदार एकच असामी, सबब पदव्यांत काटकसर केली नाही, माफी असावी.

राजश्री कासियानो लिमाची, लामा नामक सतरा लोकरी जनावरांचे अधिपती, उमर एकसष्ट. गावचे मुखत्यारीची काठी पाळीपाळीने घरोघर फिरते, ती यंदा लिमाचींचे घरी यावयाची. काठी नवराबायकोंनी जोडीने घ्यावी हा शिरस्ता, परंतु पंचांनी ठराव केला की स्पॅनिशच्या प्रौढवर्गाचा दाखला दोघांपाशी असल्यावाचून काठी देणे नाही. राणीसाहेब बसिलियाबाई पहिल्याच तडाख्यास दाखला घेऊन मोकळ्या जाहल्या. सरदार राहिले. ते हरल्यास काठी शेजारी फर्मिन आपासाचे दारी जाणार, आणि आपासा रोज कुंपणावरून "काय, जमलं का?" ऐसे कुशल पुसे.

क्रियापद नेमिले 'कुइदार', म्हणजे सांभाळणे. सरळ, गरीब, काडीची खोड नसलेले. त्याचे भविष्याची सहा रूपे म्हणजे सहा किल्ले, पैकी पाचवा केवळ समुद्रापारचे लोक बोलतात, इकडे त्यात कोणी राहात नाही, सबब रोसिओबाईंनीच तो माफ केला. या बाई सखल मुलखाहून शिकवावयास आलेल्या. त्यांनी हात मागे नेला तर गेला काळ, पुढे केला तर येणारा काळ, ऐसा इशारा ठरला. आणि बाई हात पुढे करीत, आणि सरदार तो डोळ्यांपुढे पाहून बेधडक 'कुइदे' म्हणत, म्हणजे सांभाळले. मग बाई पुन्हा हात पुढे करीत, आणि सरदार पुन्हा 'कुइदे' म्हणत. ऐसे तीन आठवडे युद्ध जाहले, कोकाची पाने चघळण्यात बहुत खर्ची पडली, आणि वीतभर जमीन हाती आली नाही.

परीक्षेचे दिवशी बाईंनी हात पुढे केला. सरदारांनी तोच 'कुइदे' ओठांशी आणिला. ते समयी मागील बाकावर लोकर कातीत बसलेल्या बसिलियाबाई वदल्या, "अहो, उद्या कधी कुणाच्या डोळ्यांपुढं असतं का? बघितलेलं तेवढं पुढं. न बघितलेलं सगळं पाठीमागं. बाईंचा हात पाठीवर घ्या की, अडलंय कुठं?"

मसलत पटली आणि सरदारांनी भर दरबारी गुरूस पाठ दाखविली. रणांगणी पाठ दाखविणे ही केवढी बदनामी, हे सरदार जाणून होते.

"लिमाची, रागावलात का?" बाईंनी पुसले.

"नाही बाई. उद्याकडं निघालोय."

हात पाठीशी आला, आणि समोर बसिलियाबाई आल्या, चाळीस वर्षे पाहिलेल्या. गारपिटीचे साल, शहरात गेलेली लेक, सारे त्या तोंडावर स्वच्छ दिसत होते. सरदारांस भरून आले. मग कुइदारे, मी सांभाळीन. आणि कुइदारास, तू सांभाळशील. आणि कुइदारा, ती सांभाळील. आणि कुइदारेमोस, आपण सांभाळू, येथे आवाज कापला. आणि कुइदारान, ते सांभाळतील. पाचही किल्ले एका दमात सर जाहले.

बाईंनी हसत हसत दाखल्यावर सही केली, काठी लिमाचींचे घरी आली, आणि आपासा कुंपणाशी दिसेनासा जाहला. मग बसिलियाबाईंनी फर्मान काढिले, "चाळीस वर्षांत सांभाळीन म्हणून एकदा तोंडातनं निघालं, तेही बाईंच्या मार्कांसाठी. आता रोज म्हणायचं."

सबब सरदार रोज प्रातःकाळी न्याहारीपूर्वी पाचही किल्ले सर करितात. फत्ते कोणाची, हे लिहिण्याचा हुकूम नाही. चौथ्या किल्ल्यावर आवाज अद्याप कापतो, इतके मात्र खरे असे. दस्तुरखुद्द.