पियुषचं गाव आणि खुशालरावांचा कूलर

खुशालरावांच्या दारावरची बेल पियुषने दाबली तेव्हा चारला पाच मिनिटं कमी होती, आणि पुढचा सगळा घोळ त्या पाच मिनिटांनीच केला. अमरावतीत चारला बोलावलेला पाहुणा साडेपाचच्या आत आला तर घरचे लोक आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. त्यातून हा पोरगी पाहायला येणारा पाहुणा. पण पियुष वाढला होता लष्कराच्या छावण्यांमध्ये. चारला बोलावलं म्हणजे त्याआधी हजर, हे त्याच्या अंगात मुरलं होतं आणि काही केल्या निघत नव्हतं.

त्याचे वडील महादेवराव सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत पुन्हा पक्के तेल्हाऱ्याचे झाले. चारच्या ठिकाणी सहाला जाऊ लागले. त्यांना त्यांचं गाव परत मिळालं. पियुषला परत मिळावं असं काही नव्हतंच. जन्म झाशीचा, शाळा जिथे बदली तिथल्या. पंजाबात पोरं त्याला 'मराठा' म्हणत, पुण्यात 'पंजाबी'. आता अकोल्याच्या बँकेत तो 'दिल्लीवाले साहेब' होता आणि खुद्द तेल्हाऱ्यात 'फौजीचं पोट्टं'. दिल्लीत मी कधी राहिलोच नाही, हे तो आधी समजावून सांगायचा. मग सोडून दिलं. जो जे म्हणेल ते ऐकायचं आणि मान हलवायची. माणूस थकतो हो.

मागची दोन स्थळं याच पायी हुकली होती. पोरीचा बाप विचारायचा, "गाव कोणतं?" आणि पियुष झाशीपासून सुरुवात करायचा. तिसऱ्या बदलीपर्यंत बापाचा चहा संपलेला असायचा. प्रतीक्षाचा फोटो मात्र त्याला मनापासून आवडला होता. हे स्थळ जाऊ नये, असं त्याला फार वाटत होतं. म्हणून हे स्थळ आणणारे त्याचे काका नत्थुजी यांनी या वेळी त्याच्याकडून घोकूनच घेतलं होतं.

"खुशालराव म्हणजे वावर-बगीच्यावाला माणूस. जावई गाव-शिवार असलेला पायजे त्याले. गाव विचारलं का एकच शबद सांगजो. तेल्हारा. बाकी तोंड उघडू नको."

काका आणि आईबाबा तेल्हाऱ्याहून गाडीने निघणार होते. पियुष अकोल्याहून बसने थेट आला होता.

दार खुशालरावांनीच उघडलं. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, घामाने निथळलेले. मोबाइलवर त्यांनी पाहिलेला पोरगा कोट-टायमधला होता. दारात उभा होता तो मे महिन्याच्या उन्हात भाजून निघालेला, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, पाठीला सॅक अडकवलेला.

"आला काय बापा," खुशालराव म्हणाले. "सकाळपासून फोन करून राहिलो तुले. घरी पाहुणे येऊन राहिले आन् कूलर बंद. चाल, मांगच्या खोलीत हाये."

पियुष सांगणार होता. मी तोच पाहुणा, माझं नाव अमुक, मग पुढचा प्रश्न. त्या पुढच्या प्रश्नापाशी येऊन त्याला एकदम दमल्यासारखं झालं. जन्मात पहिल्यांदा कोणी गाव न विचारता त्याला घरात घेत होतं. बाबा येईपर्यंत एक कूलर होऊन जाईल, आल्यावर ते सांगतील काय ते. सवयीने त्याची मान हलली.

कूलर काही त्याला नवा नव्हता. बाबा सरहद्दीवर असले की नव्या क्वार्टरमध्ये कूलर बसवायचं काम आईचं आणि त्याचं. त्याने दुपट्टा सोडला, वाळ्याच्या ताट्या काढल्या, पंपात अडकलेलं शेवाळ ओढलं. खुशालराव मधून मधून डोकावून जात होते. पण एकदा कूलरवाला म्हटल्यावर त्याच्या तोंडाकडे पाहतो कोण?

थोड्या वेळाने प्रतीक्षा पाणी घेऊन आली आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत उभी राहिली.

"घ्या पाणी. कूलरचं काम कुठं शिकले?"

"भटिंडा, जोधपूर. जिथे वडिलांची बदली झाली तिथे."

"मंग तुमी कुठचे?"

"कुठचाच नाही." आज ते सहज निघालं. कूलरवाल्याला कोण काय म्हणणार?

"मजा हाये तुमची," ती खिडकीला टेकून म्हणाली. "मले तं सारी अमरावती ओळखते. राजकमल चौकात गुपचुपच्या दोन पुऱ्या खाल्ल्या का मी घरी याच्या आधी बाबाले खबर. कितीक खाल्ल्या त्याच्यासकट. जिथं जा तिथं खुशालरावची पोरगी. कटाळा आला बाप्पा."

"आज पाहुणे येणार आहेत म्हणे."

"येतीन. गाव सांगतीन, वावर सांगतीन. सगळेच सांगतात."

आता मात्र हिला खरं सांगून टाकावं असं पियुषच्या मनात आलं. तेवढ्यात शेजारच्या गंगूबाई मागच्या दाराने आत आल्या. चालू झालेल्या कूलरपुढे त्यांनी पदर पसरला.

"भाऊ, माह्याबी कूलरचा पंप पाहून दे ना. दोन दिवसांपासून झोप नाही."

"जा रे, पाहून दे," खुशालराव बाहेरून म्हणाले. "पाहुण्यांले टाइम हाये अजून."

पियुष गेला. गंगूबाईंच्या पंपाची वायर उंदराने कुरतडलेली होती. तो परत आला तेव्हा हातभर शेवाळ, केसांत वाळा, आणि समोरच्या खोलीतून नत्थुजींचा आवाज.

"आमचा पोरगा म्हणजे मिलिटरी शिस्त. घडी चुकन पण तो नाही चुकणार."

"मंग हाये कुठं?" खुशालरावांनी विचारलं. नत्थुजी पुन्हा घड्याळ पाहू लागले, तसे ते चिडून मागे आले आणि पियुषला पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"भाऊ, तिकून जाऊ नको. पाहुणे बसले आन् पोराचाच पत्ता नाही. फौजीचं पोट्टं म्हणे. तुले जास्त कदर हाये वेळेची."

पियुष काही बोलणार, तोच कोपऱ्यातल्या सॅकमधला फोन वाजला. समोरच्या खोलीत महादेवराव कानाला मोबाइल लावून उभे होते. त्यांनी आवाजाच्या रोखाने पाहिलं, मग सॅककडे, मग सॅकच्या मालकाकडे.

"पियुष? हा कोणता अवतार रे?"

"हा तं कूलरवाला होय," खुशालराव म्हणाले.

"नाही जी," नत्थुजी टोपी सारखी करत क्षीण आवाजात म्हणाले. "हा आमचा पोरगा होय."

खुशालरावांनी एकदा कूलरकडे पाहिलं, एकदा पियुषकडे. हवा मोठी थंड येत होती.

"मंग तू... तुमी सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही विचारलं नाही, काका."

"बरं. आता विचारतो. गाव कोणतं तुमचं?"

नत्थुजींनी डोळे वटारून खूण केली. 'तेल्हारा' पियुषच्या ओठांवर आलं होतं. पण पोह्यांचा ट्रे घेऊन प्रतीक्षा दारात उभी होती, आणि तिला तो मघाशीच खरं काय ते सांगून बसला होता.

"तेल्हारा बाबांचं गाव आहे," तो म्हणाला. "मला गाव नाही. उगाच सांगून काय करू?"

महादेवरावांनी मान खाली घातली. त्यांना लागलं ते. आई पदराशी चाळा करत राहिली. नत्थुजी तर चपला कुठे काढल्या ते आठवू लागले.

"गावच नाही तिथं पोरगी कशी द्यायची?" खुशालराव स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले.

"बाबा, मी त्यायले पाहिल्याबरोबर ओळखलं होतं," प्रतीक्षा ट्रे ठेवत म्हणाली.

"मंग तू काहून नाही बोलली?"

"कूलर बंद होता ना." मग पियुषकडे वळून ती म्हणाली, "मी एकदा तरी दादा म्हटलं काय तुमाले?"

पियुषने आठवून पाहिलं. खरंच म्हटलं नव्हतं.

खुशालराव ट्रेमधली पोह्यांची बशी उचलणार होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कूलरवाला होता, खरा. काका, आज जमत नाही, उद्या येतो, असं म्हणत होता. खुशालरावांनी पोरीकडे पाहिलं, थंड हवेत मानेवर टॉवेल फिरवला आणि सुस्कारा सोडला.

"राहू दे बापा. घरच्याच माणसानं करून देल्ला."

लग्नाला आता तीन उन्हाळे झाले. पियुष सासुरवाडीला येतो तेव्हा दारात सॅक उतरायच्या आत गल्लीतून कोणी ना कोणी हजर असतं. जावई, पंप पाणी फेकत नाही. जावई, मोटर आवाज करून राहिली. आराम असा त्याला मिळतच नाही. परवा गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एकाने गंगूबाईंना विचारलं, "हे कुठचे?"

"हे?" गंगूबाई म्हणाल्या. "हे आपल्या गल्लीतलेच. कूलरवाले."

पियुषने सवयीप्रमाणे मान हलवली आणि पान्हा मागितला.