दोन्ही बाजू सारख्या

मेव्हणीने चार पिंजरे सलूनच्या दारात ठेवले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भावोजी, फक्त गाठी काढायच्या. बाकी एका केसाला धक्का लावायचा नाही."

"अगं, मी माणसांचे केस कापतो."

"माणसं हलतात तरी. ह्या बिचाऱ्या हलतही नाहीत."

सुट्टीचा दिवस होता, पण मेव्हणीपुढे भावोजींचं कधी काही चाललं नव्हतं. ती प्राण्यांच्या दवाखान्यात कामाला. एका ब्रीडरच्या बंद गॅरेजमधून तिने या चार पर्शियन मांजरी सोडवून आणल्या होत्या. जात उंची, पण अंगावरच्या केसांचं पार पायपुसणं झालेलं. गॅरेज तपासणाऱ्या अधिकारी बाईंनी ब्रीडरला शनिवारी पाचपर्यंतची मुदत दिली होती. तोवर त्याने जागा नीट केली आणि मांजरी ओळखून नेल्या, तर त्या पुन्हा त्याच्याच. नाहीतर मेव्हणीने चार चांगली घरं शोधूनच ठेवली होती. झुबकेदार फोटो बघून ती माणसं आधीच हरखली होती.

लहान मुलांसाठी खुर्चीच्या हातांवर टाकायची फळी भावोजींनी टाकली, त्यावर पहिलीला बसवलं आणि गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं. "काय, आज सुट्टी वाटतं?" सवयीने विचारलं. मांजरीने डोळे मिटले. अशी गिऱ्हाइकं मिळायला भाग्य लागतं.

गाठी सुरेख निघाल्या. तिथेच थांबायचं. पण पंचवीस वर्षांचा हात. भावोजी दोन पावलं मागे गेले, मान तिरकी करून त्यांनी आरशात पाहिलं आणि पुटपुटले, "उजवी बाजू जरा जड वाटते."

उजवी हलकी केली. मग डावी जड वाटायला लागली. डावी उतरवली, तर पाठ वर आल्यासारखी दिसली. पाठ बसवली, तर पोट लोंबायला लागलं. तासाभराने आरशात जे बसलं होतं त्याला सिंहाचं डोकं, शेपटीला गोंडा आणि मधे सोललेला बटाटा होता.

"आता ह्या तिघी बहिणी," भावोजींनी कपाळावरचा घाम पुसला. "एक अशी आणि बाकीच्या तशा, बरं दिसेल का?"

बायको चहा घेऊन आली तेव्हा बाकावर चार बटाटे ओळीने बसले होते. "अहो! हे काय करून ठेवलंत?"

"सारखं केलं."

मेव्हणी आधी रडली, मग भांडली, मग डॉक्टरांना विचारून आली. डॉक्टर म्हणाले, अंगाला हवा लागली, झालं ते बरंच झालं. पण घरं देणाऱ्या चौघांना हे तोंड कसं दाखवायचं?

शनिवारपर्यंत भावोजींकडेच राहिलेल्या मांजरींना मात्र गेलेल्या केसांचं काही दुःख नव्हतं. आल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसलेली धाकटी गुरुवारी भावोजींच्या पावलावर डोकं टेकून झोपली. पाय बधिर झाला, तरी ते दीड तास उठले नाहीत. "परत त्या गॅरेजात जायची ही?" त्यांनी बायकोला विचारलं. तिच्या मांडीवर दोन होत्या.

शनिवारी पावणेपाचला ब्रीडर हजर. गॅरेजमध्ये नवा पंखा लावल्याची पावती खिशात, फोटोंचा अल्बम काखेत आणि पाठीमागे अधिकारी बाई.

"कुठायत माझ्या राण्या?"

मेव्हणीने बाकाकडे बोट दाखवलं.

ब्रीडर बाकाकडे पाहत राहिला. मग अल्बमकडे. "ह्या? चेष्टा करता काय गरिबाची?"

"ह्याच आहेत तुमच्या," भावोजी म्हणाले. खोटं बोलायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं. "कटिंग जरा जास्त झालं."

"मला शिकवता? चौदा वर्षं ह्या धंद्यात आहे!"

"मग ओळखा की," अधिकारी बाई म्हणाल्या. "केस सोडून काही खूण असेलच. सुळा कुणाचा तुटलाय?"

"सुळा...?"

"तिसरीचा," भावोजींच्या तोंडून निघून गेलं. "आणि थोरलीच्या मानेवर भोवरा आहे. धाकटीच्या डाव्या कानामागे तीळ."

"तुम्ही सांगू नका. त्यांना सांगू द्या."

ब्रीडरने चारही मांजरींना हाका मारल्या. एकीनेही कान हलवला नाही. धाकटी तेवढी बाकावरून उतरली आणि भावोजींच्या पायामागे गेली. तो भडकला. "ह्या माझ्या नाहीतच! तुम्ही माझ्या गायब केल्या आणि ह्या भलत्याच उभ्या केल्यात!"

"असं लिहून देता?"

"एकदा काय, दहादा देतो!"

त्याने एकदाच दिलं. सही ठोकली, तारीख घातली. अधिकारी बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, घड्याळात पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "पाच वाजले." बायकोने भावोजींचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या त्यांना रुतल्या, आणि मेव्हणीलाही हसू आवरेना.

ब्रीडर दारापर्यंत गेला. घुटमळला. परत आला आणि खाली वाकून धाकटीला निरखायला लागला. आता आवाज एकदम लोण्यासारखा.

"पण काय हो... ही जात कुठली? अंगावर केस नाहीत आणि डोकं सिंहासारखं. दुर्मिळ दिसते."

"पर्शियन," भावोजी काकुळतीला आले.

"सांगायचं नसेल तर राहू द्या. पण एक जोडी मला द्याच."

मेव्हणीने अत्यंत आदराने त्याला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं आणि दत्तक घेण्याचा अर्ज पुढे केला. "हा भरा. सगळ्यांना सारखाच नियम."

त्याने पेनाचं टोपण काढलं. पहिला प्रश्न होता: 'याआधी तुमच्याकडे मांजरं होती का? असल्यास, ती आता कुठे आहेत?'

बराच वेळ पेन कागदाच्या वर नुसतं तरंगत राहिलं. समोरच्या आरशात त्याच्या खांद्यामागे चौघी ओळीने बसल्या होत्या, आणि उत्तर काय येतं ते पाहत होत्या.